मोजणीकाकांची हरकत

सोलापुरात सरकारशी भांडणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. मीही त्यांतलीच एक. पण सरकारदरबारी जाऊन स्वतःविरुद्धच हरकत दाखल करणारा माणूस या शहरात एकच आहे, आणि तो जुळे सोलापूर भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही त्यांना मोजणीकाका म्हणतो. मूळचे करकंब गावचे. उभी हयात सरकारी मोजणी खात्यात जमिनी मोजण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही म्हणून त्यांनी उरलेलं जग मोजायला घेतलं. रिक्षात बसले की चौकाचौकाला अंतर जाहीर करतात. एकदा रिक्षावाला वैतागून म्हणाला, "काका, मीटर बंद हाय." काका म्हणाले, "आसू दे की. मी चालू हाय." सख्ख्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना यांनी हात वर करून भटजींना थांबवलं, कारण अंतरपाट डावीकडून चार बोटं खाली होता. सोसायटीत गाड्या लावायच्या जागेवरून भांडण झालं तेव्हा दोन्ही बाजूंनी काकांना पंच नेमलं. काकांनी सकाळभर फीत लावली आणि निकाल दिला की दोघांच्याही गाड्या तिसऱ्याच्या जागेत उभ्या आहेत. त्या दिवसापासून ते तिघंही काकांशी बोलत नाहीत. काकू म्हणतात, "लगीन ठरवाय आले तवा मला बघायचं सोडून आमच्या वसरीची लांबी बघत हुते. व्हय म्हणले ते वसरीला का मला, आजून कळलं न्हाय."

काकांची आणि माझी गट्टी जमली ती भवानी पेठेत, आमच्या अप्पांच्या छापखान्यात. अप्पा गिरणी कामगारांची, यंत्रमाग कामगारांची, विडी वळणाऱ्या बायांची पत्रकं छापत. मी बाराखडी त्या पत्रकांवरच शिकले. मला वाचता आलेला पहिला मोठा शब्द 'धिक्कार' होता. काका दर शनिवारी यायचे, ताज्या पत्रकाचा समास बोटानं मोजायचे आणि म्हणायचे, "क्रांती डावीकडं झुकलीय, सरळ करा." अप्पा हसून खरंच सरळ करायचे. आता छापखाना मी बघते. काका अजून शनिवारी येतात.

गेल्या वर्षी डोंगराळ मुलखातल्या एका अवाढव्य जिल्ह्याचे दोन तुकडे करून नवा जिल्हा झाला. सोलापूरला त्याचं सुखदुःख असायचं कारण नव्हतं. पण काकांची पहिली नेमणूक त्याच डोंगरांत होती, त्यामुळे त्यांनी अख्ख्या इमारतीत पेढे वाटले. लोकांना वाटलं, नात झाली. "नात न्हाय, जिल्हा झाला," काका सांगत सुटले, आणि लोक पेढा तोंडात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. मग नव्या जिल्ह्याचा 'परिचय', म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, निघाला. अजून कच्चाच होता: नद्या, शिखरं, घाट, तालुके आणि शेवटी गावं-वाड्यांची यादी. कुणाची हरकत असेल तर महिनाभरात कळवा, असं खाली लिहिलेलं. काकांनी कुणाकडून तरी त्याची प्रत मिळवली आणि शनिवारची वाट न बघता मंगळवारीच छापखान्यात आले.

"हितं एक वाडी पायजे," यादीवर बोट ठेवून ते म्हणाले. "न्हाय."

मी तिथल्या तिथं पेटले. कागद पुढे ओढला आणि मथळा सांगून टाकला: 'जिवंत माणसांना कागदावर गाडणाऱ्या प्रशासनाचा धिक्कार!'

"दम धर की, बाई," काका म्हणाले. "आदी कुनी गाडली ते तर ऐक."

मग त्यांनी सांगितलं. मोजणीची पथकं तेव्हा डोंगरातल्या प्रत्येक वाडीवर चढत नसत. समोरच्या डोंगराच्या सोंडेवर भल्या सकाळी उभं राहायचं आणि धूर मोजायचा. जेवढे धूर तेवढ्या चुली, जेवढ्या चुली तेवढी घरं. सगळेच असं करत, आणि सहसा चुकतही नसे. काका तेव्हा चोवीस वर्षांचे. ते सोंडेवर उभे राहिले, तासभर बघितलं. समोर धूर नाही. पलीकडे चढायला अर्धा दिवस गेला असता. त्यांनी वहीत शेरा मारला, 'वस्ती नाही', खाली सही केली आणि पुढे गेले. दोन वर्षांनी आठवड्याच्या बाजारात त्या वाडीचा एक माणूस भेटला, तेव्हा उलगडा झाला. त्या पहाटे वाडीत एक तरणा माणूस वारला होता. सगळी वाडी एकाच भावकीची, म्हणजे सुतक सगळ्यांना. कुणाच्याच घरात चूल पेटली नव्हती.

काकांनी लगेच दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर आलं, 'अभिलेखानुसार सदर ठिकाणी वस्ती नाही.' आधार म्हणून काकांचाच शेरा, काकांच्याच सहीनिशी जोडला होता. पुढं बदल्या झाल्या, अर्ज चालू राहिले, तेच उत्तर येत राहिलं. तेवढ्या वर्षांत वाडीला ना विजेचा खांब, ना शाळेची खोली, ना रस्ता. जी वस्तीच नाही तिला रस्ता कोण देणार? आता नवा जिल्हा नव्यानं यादी करत होता. एकदा ती पक्की झाली की पुढची तीस वर्षं पुन्हा तेच.

हरकतीच्या पत्रकाच्या मसुद्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. माझं म्हणणं, दोष व्यवस्थेचा आहे. एका चोवीस वर्षांच्या पोराला सुळावर कशाला चढवायचं? काका ऐकेनात. "सरकार, सरकार काय लावलंयस? त्या दिवशी त्या सोंडेवर सरकार मीच हुतो की! दुसरं कोन हुतं तितं?" काकू डबा घेऊन आल्या होत्या. त्या घाबरून म्हणाल्या, "आवो, पेन्शन बंद केली तर?" काका म्हणाले, "केली तर केली. खोट्या सहीवर जेवतोय इतकी वरसं, खऱ्यावर उपाशी ऱ्हातो." माझा धिक्कार त्यांनी खोडला. पत्रकाच्या माथ्यावर फक्त एवढंच आलं: 'मी चुकलो. वाडी आहे.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, पत्ता. इतकं धारदार पत्रक आमच्या यंत्रावरून कधी निघालं नव्हतं.

आम्ही दोघं एसटीनं नव्या जिल्ह्याला गेलो. कचेरी भाड्याच्या मंगल कार्यालयात थाटलेली. 'वधूपक्ष' लिहिलेल्या खोलीत हरकती घेत होते. कारकुनानं न बघताच विचारलं, "हरकत कुणाविरुद्ध?"

"माझ्या."

"तुमची कळली हो. विरुद्ध कोण?"

"त्ये बी मीच."

कारकुनानं पेन ठेवलं. "काका, अर्जदार आणि गैरअर्जदार एकच माणूस चालत नाही."

"का? नियम दाखवा."

नियम सापडला नाही. काका म्हणाले, पोच मिळाल्याशिवाय हलणार नाही, आणि तिथंच दारात पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्रक देऊ लागले. शिपायानं उठवलं, हे दुसऱ्या पायरीवर बसले. एक साहेब पत्रक वाचत आत गेले, ते वाचतच बाहेर आले आणि म्हणाले, "आजोबा, या वयात कशाला नसती आफत ओढवून घेता?" काका उभे राहिले. "साहेब, त्या वयात चढलो न्हाय, म्हनून या वयात आलोय. उद्या तुमचा मानूस द्या, मी पुडं चालतो."

आणि ते चाललेही. साहेबांनी दिलेला तलाठी तरुण होता, तरी तो आणि मी मागे पडलो. वर सतरा घरं होती, पाचांना कुलपं. काकांनी प्रत्येक दार वाजवलं, उघड्या प्रत्येक घरात पाणी प्याले, आत किती माणसं ते विचारून तलाठ्याला लिहायला लावलं. शेवटच्या घरात एक म्हातारी भेटली. त्या पहाटे वारलेला तो तरणा माणूस तिचा नवरा. काकांनी हात जोडले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ती शिव्या घालेल. मी असते तर घातल्या असत्या.

ती म्हणाली, "सुतकात भायेरच्या मानसानं भाकरी आनायची आसती. आमाला भायेरचं कुनी नव्हतंच. ल्हान पोरं दीसभर रडली बग. तू समोरच हुतास, व्हय? आला आस्तास, तर पोरं जेवली आस्ती."

चाळीस वर्षं काका कागदावरच्या चुकीशी भांडत होते. ही दुसरी चूक त्यांना त्या दिवशी कळली.

गेल्या महिन्यात पक्की यादी निघाली. वाडीचं नाव आहे. मी नाचत जुळे सोलापुरात गेले, तर काका म्हणाले, "आपन काय केलं त्यात? ती मानसं हुतीच की." आता रस्त्यासाठी अर्ज करायचेत, मसुदा मी करायचा, आणि या खेपेला धिक्कार चालेल, अशी परवानगी मिळाली आहे. पण काका उद्या आधी एकटेच वर जाणार आहेत. काही काम नाही, म्हणाले. म्हातारीकडं जेवायला जायचंय.

मी निरोप घ्यायला गेले तेव्हा स्वयंपाकघरात काकू कडक भाकऱ्या थापत होत्या. या भाकऱ्या चांगल्या महिनाभर टिकतात. काका शेजारी पाटावर बसून एकेक भाकरी फडक्यात रचत होते. किती घेतल्या, म्हणून मी विचारलं.

"मोजल्या न्हाईत," काका म्हणाले. "तू बी मोजू नगंस."