भरून आलेली डबी

आमच्या शिवगंगेच्या कपाळावर भस्म नसतं. लिंगायताच्या घरात जन्मलेली, गळ्यात लिंग, सकाळची पूजा कधी चुकत नाही. पण पूजा आटोपून उठते ती कोऱ्या कपाळानं. उदगीरसारख्या गावाला बोलायला एवढं पुरतं. कुणी म्हणतं, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून शिकवून बाई नास्तिक झाली. कुणी म्हणतं, लग्न केलं नाही, त्याचा डोक्यावर परिणाम झाला. मी तिची मावसबहीण. मला नांदेडला दिलं असलं तरी माझं अर्धं बालपण त्याच घरात गेलं, आणि असं बोलणाऱ्या बायकांशी मी तोंडावर भांडले आहे. खरं काय ते मला ठाऊक आहे. आता ते ऐकून दुखावेल असं त्या घरात शिवगंगेशिवाय कुणी उरलं नाही, आणि तीच म्हणाली, ‘सांग एकदा सगळ्यांना.’

शिवगंगेला एक थोरला भाऊ होता, विरूपाक्ष. जमिनीखालच्या पाण्याचं शिक्षण घेत होता. बहात्तरच्या दुष्काळात, जेव्हा उदगीरच्या विहिरींत नुसता गाळ दिसायचा आणि बायका घागरी घेऊन रानोमाळ फिरायच्या, तेव्हा त्याला अमेरिकेत पुढं शिकायला जागा मिळाली. घरात आधी कुणाचा विश्वासच बसेना. रेशनवर तेव्हा अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. तिच्या भाकरी थापताना लक्ष्मम्मामावशीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, कपाळाला आठ्या पडायच्या. ती त्याला म्हणाली, “ज्यांच्या जोंधळ्याची भाकर धड भाजत न्हाई, त्यांच्यात जाऊन तू काय शिकणार रे?”

तो हसला आणि गेला. जाताना मावशीनं त्याला पितळेची फिरकीच्या झाकणाची डबी दिली. मठातून आणलेलं भस्म तिनं त्यात काठोकाठ भरलं, बोटानं दाबून आणखी भरलं. “रोज लाव. संपलं की कळव, पाठवून देते,” म्हणाली.

संपल्याचं त्यानं कधी कळवलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तार आली. बर्फावरून मोटार घसरली होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. आंघोळ घालून, कपाळाला भस्म लावून, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून बसवतात आणि बसलेलाच मातीच्या स्वाधीन करतात. बहुतेकांच्या समाध्या आपापल्या शेतातच असतात. म्हणून तार वाचल्यावर मावशी रडायच्याही आधी विचारती झाली, “माझ्या लेकराला माती कुणी दिली?”

तिचे यजमान, गुरुपादप्पा, किराणा दुकानात बसणारे अबोल गृहस्थ. त्यांना वाटलं ते त्यांनी सांगितलं. “तिकडं सगळ्यांनाच पुरतात. आपल्या लोकांनी दिली असंल माती.” ते तेव्हा खोटं बोलले नव्हते. त्यांची तशीच समजूत होती.

पुढं काही महिन्यांनी विरूपाक्षाचा एक मित्र गाडीनं उदगीरला उतरला. हैदराबादचा, तिकडं त्याच्याच खोलीत राहणारा. त्यानं दुकानात बसून गुरुपादप्पांना मोठ्या मायेनं सगळं सांगितलं. परक्या देशात मुलाला त्या लोकांसारखं खड्ड्यात टाकून येऊ नये, म्हणून आपल्या पोरांनी वर्गणी काढून त्याला रीतसर अग्नी दिला होता. रक्षा तिथल्या नदीत सोडली होती. थोडी आईवडिलांसाठी राखली होती आणि ठेवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याच्याच देवापुढच्या डबीत भरली होती. त्या पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं जे केलं ते त्याच्या घरच्या रीतीनं पुण्यच होतं. त्याला कोण काय बोलणार?

गुरुपादप्पा डबी घेऊन घरी आले ते कसं सांगावं याचा विचार करत. पण मावशीनं हातात काय आहे ते लांबूनच ओळखलं. आपण दिलेली डबी. तिनं ती ओढूनच घेतली, झाकण फिरवलं आणि आत बघत राहिली.

“भरून दिल्ती,” ती म्हणाली, “भरूनच आली. लावलंच न्हाई का हो त्यानं?”

गुरुपादप्पा दाराशीच उभे राहिले. तिनं पदरानं डोळे पुसले, तीन बोटं डबीत घातली आणि कपाळावर आडवे पट्टे ओढले. “त्यानं न्हाई लावलं, मी लावते,” म्हणाली. शेजारच्या बायका जमल्या होत्या, त्यांना तिनं सांगितलं की तिकडच्या हवेनं भस्म जरा काळवंडलं आहे.

त्या दिवसापासून मावशी रोज आंघोळ झाली की तेच लावायची. मी सुट्टीत जायची तेव्हा स्वतः बघितलं आहे. संपू नये म्हणून ती मधून मधून मठातलं भस्म आणून त्यात मिसळायची, विरजण राखतात तसं. आणि गुरुपादप्पा, जे पूर्वी सकाळी चहा घेऊन निवांत दुकानात जायचे, ते तिची आंघोळ व्हायच्या आत घराबाहेर पडायला लागले. आम्हाला वाटायचं, पोराच्या दुःखानं माणूस घराला विटला. ते तिच्या कपाळाकडं बघू शकत नव्हते.

शिवगंगेला यातलं काही माहीत नव्हतं. ती तेव्हा औरंगाबादला शिकत होती. शिकून आली, उदगीरच्या कॉलेजात लागली आणि भावासारखीच गप्पपणे अर्ज करत राहिली. तिला तिकडं जाऊन पुढं शिकायचं होतं आणि तिकडंच राहायचं होतं. मला तिनं तसं स्पष्ट सांगितलं होतं. “इथं मी मेलेल्या भावाची बहीण हाय गं. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. तिकडं माझ्याशी कुणी मोठ्यानं तर बोलंल.”

लातूर जिल्हा झाला त्या पावसाळ्यात तिला अमेरिकेहून पत्र आलं. पाकिटावर अजून जिल्हा उस्मानाबादच होता, आणि गावात मात्र पाट्या रंगवून रंगवून लातूर करणं चाललं होतं, फटाके वाजत होते. शिष्यवृत्तीसकट जागा मिळाली होती, जानेवारीत निघायचं होतं. मी मुद्दाम नांदेडहून आले. मावशी आकांत करील, अन्न सोडील, अशी माझी खात्री होती. शिवगंगाही कंबर कसून बसली होती. ती हट्टी, नको म्हटलं की तेच करणारी. लहानपणी आडात डोकावू नको म्हटलं, तर काठावर पोटावर पडून डोकावायची.

मावशीनं भांडणाला जागाच ठेवली नाही. ती म्हणाली, “जा की. शिकायला जाणाऱ्याला कशाला अडवायचं?” मग फडताळातून तिनं वाळवलेल्या बेलाच्या पानांची पुरचुंडी काढली. “फक्त गेल्या गेल्या तुझ्या अण्णाच्या समाधीवर जा. ही पानं वाहा. आणि तिथली मूठभर माती मला पाठव. त्याच्या वाट्याची जागा शेतात मोकळीच ठेवलीय मी. तिथं टाकते, म्हणजे आला म्हणायचा.”

शिवगंगा इतकी आनंदली की तिनं मावशीला उचललंच. मी पण रडले. दुसऱ्या दिवशी ती दुकानात जाऊन सरळ विचारती झाली, “अप्पा, अण्णाची समाधी नेमकी कुठल्या गावात हाय?”

गुरुपादप्पा गूळ तोलत होते. त्यांनी तराजू खाली ठेवला, गिऱ्हाईकाला नंतर या म्हणाले, आणि इतक्या वर्षांचं सगळं तिच्यापुढं ओतलं. शिवगंगा मला पुढं म्हणाली की तिला आधी भावाचं काहीच वाटलं नाही. रसायनशास्त्राची बाई असून रोज डोळ्यांसमोरचं आपल्याला ओळखू आलं नाही, याचीच लाज वाटली. मग ती दुकानामागं जाऊन ओकली.

“तू जा,” अप्पा म्हणाले. “कुठलीबी माती पाठव. तिला काय कळतंय? माती ती माती.”

तिनं तेही करून बघितलं. शेतात जाऊन मूठभर माती उचलली, रुमालात बांधली, आईच्या हातात देताना काय बोलायचं ते पुटपुटून पाहिलं. तिला ते जमेना. एक खोटं आईच्या कपाळावर होतं, दुसरं ती शेतात पुरून त्याला रोज पाणी घालणार होती. आणि खरं सांगावं तर आईला काय सांगायचं? तू इतकी वर्षं काय लावून राहिलीस, हे? पत्र लिहायचं म्हटलं तरी दर पत्रात समाधी येणार. दर सुट्टीत आई विचारणार, पानं वाहिलीस का, दिवा लावलास का. शिवगंगा आठवडाभर नीट जेवली नाही. शेवटी तिनं सगळ्यांसमोर जाहीर केलं की आपण जात नाही. कारण काय, तर आपल्याला थंडी सोसत नाही.

उदगीर हसलं. तिला ‘थंडीबाई’ नाव पडलं, कॉलेजातली पोरंसुद्धा पाठीमागं म्हणायची. मी तर तिला भित्री म्हणाले, आयुष्याचं मातेरं केलंस म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. मावशीनं तेवढा बोल लावला नाही. “तुझं मन, बाई,” एवढंच म्हणाली आणि चुलीकडं गेली. त्या संध्याकाळी तिनं गव्हाची हुग्गी, म्हणजे गूळ घालून खीर, केली, सढळ हातानं तूप घालून. आमच्याकडं हुग्गी सणाला करतात. मीही दोनदा मागून खाल्ली आणि मनात म्हटलं, पोरीच्या पडत्या मनाला उभारी द्यायला केली असंल.

वर्षं गेली. स्थळं आली, शिवगंगेनं एकालाही होकार दिला नाही. गुरुपादप्पा आपलं गुपित घेऊन शेतात समाधिस्थ झाले. मग मावशी अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवसांत मी तिथंच होते. शिवगंगेनं मला तोवर सगळं सांगितलं होतं. एका दुपारी मावशीनं नेहमीसारखी डबी मागितली. हात थरथरत होता, म्हणून शिवगंगा लावायला पुढं झाली. पण तिचं बोट डबीपाशी अडखळलं. मावशी ते बघत होती.

“घाबरतीस कशाला?” ती म्हणाली. “भाऊच हाय तुझा.”

मला वाटलं, माझ्या कानांना भास झाला. शिवगंगेनं बोट मागं घेतलं.

“अव्वा, तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे? भरून दिली, भरून आली. शेणाच्या भस्मात हाडाची कणी असती का गं? पहिल्याच दिवशी बोटाला लागली. तुझे अप्पा दाराशी उभे होते, त्यांचं तोंड बघितलं. म्हटलं, मला कळू नये म्हणून ह्यांचा जीव तुटतोय, मग न कळलेलंच बरं.”

शिवगंगेनं डबीचं झाकण फिरवून लावलं. मग तिनं विचारलं, आणि तिचा आवाज इतका चढला की मी दार लोटून घेतलं. “मग समाधीवर जा का म्हणालीस मला? माती पाठव का म्हणालीस?”

“नको जाऊ म्हणले असते तर तू गेली असतीस,” मावशी म्हणाली. तिनं डोळे मिटून घेतले होते. “एकाला कपाळाला लावलं. दुसरीला कुठं लावू?”

त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलल्याच नाहीत. शिवगंगा तिला भरवायची, पुसायची, कूस बदलायची, पण अक्षर बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी मावशी गेली. शेतात तिला बसवलं तेव्हा शिवगंगा खड्ड्याच्या काठावर वाकली आणि तिनं पितळेची डबी आईच्या मांडीवर पालथी केली. मठातून आलेल्या स्वामींनी विचारलं, “काय होतं त्यात?” शिवगंगा म्हणाली, “भस्म.” स्वामींनी मान हलवली. विरूपाक्षाला आपल्या रानातली माती मिळाली, ती अशी आईच्या मांडीवर.

आता शिवगंगाही निवृत्त झाली. परदेशी जायचं म्हणणारी पोरं-पोरी अजून सल्ला विचारायला येतात, त्यांना ती दारातूनच ‘जा’ म्हणते. आईला विचारतो म्हणालं कुणी, तर रागावते. मागच्या श्रावणात मी गेले होते. सकाळी पूजा आटोपून ती तशीच उठली, कोऱ्या कपाळानं. मला राहवलं नाही. म्हटलं, एवढी वर्षं झाली, अजून आईवरचा राग गेला नाही का तुझा?

“राग हाय की,” ती म्हणाली. “पण भस्म लावत न्हाई ते त्याच्यासाठी न्हाई गं. लावून बघितलं मी, मठातलं कोरं भस्म आणून. बोट कपाळाला टेकलं, तर ते माझं वाटंचना, अव्वाचं वाटलं. अण्णाला लावलं तसं मलाबी कपाळाला लावून घेऊन राहिली होती ती.”

तिनं देवघरातली रिकामी डबी आणली, पदरानं पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवून दिली. मग आम्ही चहा घेतला.