पहिलीचा वर्ग, सर्दी आणि तात्या

आमच्या शाळेत सर्दी आणि किस्से एकदमच पसरतात. एकाला शिंक आली की आठवड्यात अख्खा वर्ग शिंकतो, आणि त्यातनं एक तरी किस्सा निघतोच. मी जळोचीहून स्कूटीवर सणसरला जाते, पहिलीला शिकवते. संध्याकाळी घरी आले की नवरा विचारतो, "आज काय नवीन?" मग भाजी करपते, पण किस्सा पुरा होतो!

आधी तात्यांचं सांगते. स्वरा ही त्यांची एकुलती नात. मागच्या पावसाळ्यात अंगणवाडीत तिला सर्दी-ताप झाला, तो छातीत उतरला आणि पोरीला बारामतीला ॲडमिट करावं लागलं. तेव्हापासून तात्यांनी धसकाच घेतला. पहिलीत नाव घालताना मला बजावलं, "मॅडम, पोरगी येकदा जरी तापली, तर शाळा बंद! घरीच ठिवणार." स्वराची आई मागं उभी होती. तिचा चेहराच उतरला.

*

पहिल्या दिवशी नव्या मुलांची ट्रॅक्टरमधून मिरवणूक. फुगे, हलगी, सगळा थाट! स्वरा ट्रॉलीत चढली आणि तिच्यामागं तात्याही चढले.

हेडसर म्हणाले, "अहो तात्या, ही पहिलीच्या पोरांची मिरवणूक हाय!"

"मग? मी तरी शाळंत कवा गेलोय!"

शेवटी त्यांनाही गुलाबाचं फूल दिलं. काय करणार?

*

दुसऱ्या दिवसापासून तात्यांचा मुक्काम व्हरांड्यात, खिडकीपाशी. मी फळ्यावर अक्षर काढत असले की गजातून एक हात आत यायचा आणि स्वराच्या कपाळावर टेकायचा. वर मलाच सांगायचे, "चालू द्या मॅडम तुमचं!"

कसलं चालू द्या? आपलाही ताप बघून घ्यायला सगळी पोरं खिडकीशी रांग लावून उभी!

*

मग हेडसरांनी कंबर कसली. जुन्या मोज्यांत साबण घालून ते नळांना बांधले आणि जाहीर केलं, "हात धुतल्याशिवाय कुणालाही खिचडी नाही. मग तो कुणी का असेना!"

दुपारी खिचडी आली. पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं चव बघायची असते. सरांनी पातेल्याकडं हात नेला आणि पहिलीची पोरं एका सुरात ओरडली, "सर, हात!"

सर गुपचूप नळाकडं गेले. परत आले तर पोरांनी त्यांना रांगेत शेवटी उभं केलं! चव मला बघावी लागली.

*

मी सांगितलं होतं, रोज रुमाल आणायचा, शिंकताना तोंडावर धरायचा. दुसऱ्या दिवशी सार्थक बापाचा अंघोळीचा टॉवेलच खांद्यावर टाकून आला.

"अरे बाबा, एवढा मोठा?"

"मॅडम, माझं नाक तुमी अजून बघितलंच न्हाय!"

*

पावसाळा लागला आणि सर्दी-तापाची साथ आलीच. हेडसरांनी पालकसभेत नियम सांगितला. ज्याला ताप-खोकला असेल त्यानं घरी थांबायचं, बरं वाटलं की यायचं. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. पण सकाळी घरदार रानात जातं, पोराजवळ थांबणार कोण? एक आई तापलेल्या लेकाला घेऊन वर्गाच्या दारात हजर. म्हटलं, "अहो, अंग केवढं भाजतंय याचं!"

"घरातनं निघताना गार व्हता वो मॅडम. वाटंत तापला आसंल!"

मग तिचं तिलाच हसू आलं आणि लेकाला कडेवर घेऊन ती माघारी गेली.

*

तिसरीची चाचणी होती, त्या दिवशी तर कमालच! पेपर हातात पडताच वर्गात खो-खो खोकला सुरू. हेडसर दारात येऊन म्हणाले, "खोकणाऱ्यांनी बिनधास्त घरी जा. आज अंडी आहेत, ती उरलेल्यांना दोन-दोन वाढू."

खोकला जागच्या जागी बंद! तेवढ्यात मागनं आवाज आला, "सर, मी उद्या खोकतो!"

*

आणि मग तो दिवस. वर्गात कविता चालली होती. व्हरांड्यातून दणदणीत शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी. बघते तर तात्यांचे डोळे लाल आणि नाक गळतंय.

म्हटलं, संपलं. आता हे पोरीला घेऊन जाणार आणि परत काही पाठवत नाहीत. तात्या उठलेच. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "स्वरे, दप्तर घे. साथ लई वाईट हाय. चल घरी."

स्वरा उठली. दप्तर बाकावरच राहिलं. दारात जाऊन, तात्यांपासून चांगली लांब उभी राहिली.

"तात्या, शिंका कुणाला आल्यात?"

"मला."

"मग तुमी जावा घरी. बरं वाटलं की या. शाळंचा नियम हाय."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आपली फळा पुसायला लागले.

तात्यांनी टोपी सारखी केली, पायरी उतरले आणि एकटेच चालू लागले. फाटकापाशी थांबले, वळले आणि तिथनंच ओरडले, "मॅडम, पोरगी तुमच्यापाशी सोडलीय हां!"