मास्तर आणि मिस्त्री

माझ्या घराचं बांधकाम करणारा मिस्त्री माझ्याशी बोलत नसे. कारण मला ठाऊक होतं. तो माझाच विद्यार्थी. पाढे येत नाहीत म्हणून चौथीत मी त्याला भर वर्गात 'ढ' म्हणून छड्या मारल्या होत्या. दुसरा मिस्त्री बघावा, तर ब्रह्मपुरीत तोही माझाच विद्यार्थी निघायचा. त्यात गुरुवारी चौकट बसणार होती. चौकटीला मिस्त्रीला कुंकू लावून शेला-नारळ द्यायचा असतो, आणि तो तोंड फिरवून उभा राहिला तर गल्लीभर शोभा. मला त्याच्याशी गोडी करायची होती.

रिटायर माणसाच्या हाती शब्दकोश लागला की घरच्यांचं काही खरं नसतं. त्यात मला घबाड सापडलं. लॅटिनमधला 'मागिस्टर', म्हणजे इतरांहून अधिक असलेला. त्याचाच इटालियन माएस्त्रो, जर्मन माइस्टर, फ्रेंच मेत्र, पोर्तुगीज मेस्त्रे आणि इंग्रजी मास्टर. मेस्त्रेचा आपल्याकडे मिस्त्री झाला, मास्टरचा मास्तर. मी धावतच जाऊन त्याला हे सांगितलं.

"म्हंजे तुमी आन मी एकच?" आठवडाभरातलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"एकच! सख्खे!"

"मंग हे न्हाणीची भिंत तुमीच लावा," म्हणत त्यानं माझ्या हातात थापी दिली.

जन्मभर भूमिती शिकवलेला माणूस मी. तीन थर रचले. त्यानं ओळंबा सोडून पाहिला. "पाडा." पाडले, पुन्हा रचले. "पाडा." समोरच्या ओट्यावर बायको शेजारणीला घेऊन चहा पीत बसली होती आणि दोघी पदरात तोंड घालून हसत होत्या.

तिसऱ्यांदा मी चिडलो. "अरे, एकदा नीट दाखव तरी!"

"दाखवतो ना," तो हळूच म्हणाला. "तुमी मले काऊन नाई दाखवलं?"

त्यानं माझं मनगट धरून मसाला कसा पसरायचा ते दाखवलं. मला लाज वाटली, खरीच वाटली.

गुरुवारी कुंकू लावताना मी त्याला म्हणालो, "चुकलं रे माझं." सगळ्यांसमोर म्हणालो, कारण मारलंही सगळ्यांसमोरच होतं.

त्यानं नारळ काखेत मारला, डोळे पुसले. "असू द्या, मास्तर. पन न्हाणीची भिंत पाडाच लागन."