पाटीवरची रिकामी जागा

पातूरच्या शालिकरामजीचे खालचे दात सगये पडले तवा त्यायची पोरगी केशर त्यायले अकोल्याच्या जुन्या शहरात घेऊन आली, चिनी दातवाल्याच्या दुकानात. चार चकरा मापाच्या झाल्या. पाचव्या चकरेले कवळी बसली, आन सहाव्या चकरेले केशर एकटीच गेली. गावातले लोक मनत, शालिकरामले दात भेटले पन पोरगी गेली.

त्या दातवाल्याचं नाव लिऊ. पुरं नाव लिऊ शानवेन, पन ते कोनाच्या तोंडात बसेच ना, मनून सगये लिऊभाऊच मनत. बाप चीनमधून कलकत्त्याले आल्ता, तठून गावोगाव दात काढत काढत मोर्णेच्या काठी येऊन टेकला. लिऊभाऊ अठीच जन्मले, अठीच वाढले, आन या माघात अठीच गेले. सत्त्याहत्तर वर्साचे होते. आमची केशरबाई पंचेचाळीस वर्सं त्यायच्यासंगं राहिली.

केशरनं लिऊभाऊसंगं लग्न केलं, तं शालिकरामजी दोन साल तिच्यासंगं बोलले नाईत. कवळी मात्र घालत, रोज. तिसऱ्या साली केशर जवायाले घेऊन पातूरले गेली. लिऊभाऊनं चहाचा कप दोन हातानं धरला, कमरेतून वाकले, आन सासऱ्यासमोर तसेच उभे राहिले. शालिकरामजी हात पुढं करेनात. चहा थंडा होऊन राहिला, मानूस हालेना.

"अबे किती येळ उभा राहशीन?"

"तुमी घेईपरेंत, बाबा. आमच्यात मोठ्यायनं घेतल्याबिगर लहान्यानं बसू नाई."

शालिकरामजीनं कप घेतला. मंग आपल्या बायकोकडं पाहून मने, "तुह्या चार पोरायनं मले आजपरेंत एका हातानं तरी पानी देल्लं काय वं? अन् हा चिनी दोन हातानं देऊन राहिला." त्या दिवसापासून जवाई आला का मानाचा पाट त्याचाच.

लिऊभाऊच्या घरात देवघराजवय एक लाल लाकडाची पाटी होती, हातभर उंच. तिच्यावर पिवये चिनी अक्षरं. खापरपंजा, पंजा, आजा, बाप, आन त्यायच्या बायका. केशरबाई नवी नवरी आली तवा तिले वाटलं हा यायचा देव हाय; मंग समजलं का पितरायचे नावं हायेत. अखाजीले, वैशाखातल्या पितरायच्या सनाले, तिनं आपल्या माहेरच्या रीतीनं पाटीसमोर पान्याची घागर ठेवली, आंब्याचा रस अन् कुरोडी वाढली. मंग भेव लागलं, का आपुन काही भलतंच तं नाई केलं. लिऊभाऊ दुकानातून आले, पाहत राहिले. डोये भरले त्यायचे.

"कोनं सांगतलं तुले?"

"कोनी नाई. पितर हायेत ना? मंग उनाचं पानी नाई लागत काय त्यायले?"

तवापासून त्या घरात वर्सातून दोनदा पितर जेवत. एकदा चैतात चिनी रीतीनं, बापाची कबर झाडून, अगरबत्ती लावून. एकदा अखाजीले.

लिऊभाऊ सांगत, आमच्या लोकायचे दोन गुरु हायेत, अडीच हजार वर्सापासून. एक खुंग गुरुजी. ते सांगते, बापानं बापासारखं वागावं, पोरानं पोरासारखं, मोठ्यायचा मान ठेवावा, शिकावं, मेलेल्यायले इसरू नाई. दुसरे लाओबाबा. ते सांगते, लय ताणू नको रे बाप्पा, पान्यासारखा राय. गोटा आला तं भांडू नको, बाजूनं निंघून जाय. "हे दोन बैल हायेत आमच्या गाडीचे," ते मनत. "एक वढते, दुसरा कुठी थांबा ते सांगते. एकच जुपला तं गाडी नालीत."

आन होतंही तसंच. सकाळी दुकानात लिऊभाऊ खुंग गुरुजीचे. बापाचा फोटो पुसल्याबिगर शटर वर जाये ना. म्हातारं गिऱ्हाईक आलं का पयले त्याचा लंबर. संध्याकाळी मोर्णेच्या काठी उभे राहून हळूहळू हात हालवत, बगळा पंख उघडते तसे. पोट्टे नक्कल करत, तं त्यायलेच शिकवत. कवळीचं मापही तसंच. मेनाचा ठसा घेतला का हिरडीतली खोलगट जागा गिऱ्हाइकाले दाखवत, "हे पाहा, जे नाई हाय त्याच्यावरच माह्यं पोट हाय. रिकामी जागा लय कामाची राह्यते."

एकाच गोष्टीवर केशरबाईचं अन् त्यायचं जुळलं नाई. पोरगा झाला नाई, एकच पोरगी, गीतांजली. लिऊभाऊचा बाप मरताना सांगून गेल्ता का पाटी पोरानंच सांभायावी, पोरगी दुसऱ्या घरची. लिऊभाऊनं बापाचा शब्द कधी खोटा पाडला नाई. केशरबाई इचारे, "मंग तुमच्यामागं तुमचं नाव पाटीवर कोन लिवनार? चहा कोन ठेवनार?" ते हासत अन् मनत, "पाहू नं." तिचा जीव जळे. पंचेचाळीस वर्सं पाहूच.

लिऊभाऊ गेल्यावर गीता अमरावतीवरून आली, जवाई गजेंद्र आला. शेजारची हलीमाबी आली तं रडता रडता मने, "भाभी, ये दांत भी लिऊभाई के बनाए हुए हैं. रोती हूं तो इन्हीं से रोती हूं." सगये रडता रडता हासले. लिऊभाऊले आवडलं असतं.

महिन्याभरानं कलकत्त्यावरून टोनीचा फोन आला, लिऊभाऊच्या भावाचा पोरगा. भला मानूस हाय.

"चाची, वो तख्ती भेज दो. बेटी नहीं रख सकती, दादाजी का हुकुम था."

केशरबाईनं फोन ठेवला अन् पाटीसमोर बसली. घर खायाले उठलं. मानूस गेला ते गेला, आता त्याचे पितरही जानार. आन नाव? ज्याचं नाव नाई त्याले कोन हाका मारन? सासऱ्याचा हुकूम मोडावं तं मालकाले लागन. पाठवावं तं हात उचलत नाई.

चैताचा तो दिवस आला तवा गीता नेहमीसारखी सकाळच्या यष्टीनं आली. पिशवीतून बारीक ब्रश काढला, पिवया रंगाची डब्बी काढली. वऱ्हाडच्या उनात पाटीचा रंग दरसाली उडे, अक्षरायचे पोपडे निंघत. लिऊभाऊनं पोरीले सात वर्साची असतानाच ब्रश धरायले शिकवलं होतं. पयले अक्षर हवेत, मंग पान्यानं फरशीवर, मंग पाटीवर. पुढं त्यायचा हात कापाले लागला तवा सगयं तिच्यावरच. लग्न झाल्यावरही दर चैतात बोलावत. "ये वं माय, आजायचे नावं पुसट झाले."

केशरबाई दरसाली हे पाहे. पन आज पाहता पाहता तिनं चहाचं ताट खाली ठेवलं.

"गीते, याच्यातले किती अक्षरं तुह्ये हायेत?"

"सगयेच, आई. बाबाचं एकही नाई राह्यलं आता."

केशरबाईनं तसाच फोन लावला. "टोनी, बेटा, भेजती हूं. पन एक बता, तेरे चाचा का नाम वहां कौन लिखेगा?"

टोनी हळूच मने, "यहां तो अब किसी को लिखना नहीं आता, चाची."

"इस पर जो नाम हैं ना, खापरपंजे से लेके तेरे दादाजी तक, सब गीता के हाथ के हैं. तेरे चाचा ने सिखाया. मिटा के भेजूं क्या?"

टोनी हासला का रडला ते फोनवर समजलं नाई. "नहीं चाची. गीता को बोलो, लिख दे. मुझे फोटो भेज देना. हम फोटो के सामने झुकेंगे."

लिऊभाऊनं बापासमोर एक शब्द उलटा बोलला नोता. गोट्याच्या बाजूनं गेले, तीस वर्सं, दर चैतात थोडे थोडे. आन आमच्या बाईले वाटे मानूस नुसता पाहू पाहू करते.

बापाच्या नावाखाली पाटीवर चार बोटं जागा कोरी होती. गीतानं तठी ब्रश ठेवला. लिऊ शानवेन. उनानं रंग घडीभरात वाळला. केशरबाईनं चहाचा कप दोन हातानं धरला, वाकली, पाटीसमोर ठेवला. मंग तिले दिसलं का नावाच्या बाजूनं अजून थोडी जागा सुटली हाय.

"अन् हे कोनाची वं?"

"तुही, आई. बाबानंच मापून ठेवली."

"राहू दे मंग रिकामी," केशरबाई मने. "मले घाई नाई. अजून अखाजीची कुरोडी करायची हाय त्यायले."