मोकळ्या बाई

“द्या इकडे, मी मोकळीच आहे की!” असं म्हणून बाई पदर खोचायच्या, टेबलावरचा खडूचा तुकडा उचलायच्या आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी वर्गावर निघून जायच्या.

तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतील. आठवून पाहा.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी सोलापुरात मुलींच्या एका शाळेत लागले, तेव्हा आमच्या बाईंनी चाळिशी ओलांडलेली होती. गणित शिकवायच्या. लग्न झालेलं नव्हतं. गाव मैंदर्गी, घरची भाषा कानडी. वर्गात दंगा झाला की त्यांची मराठी बाजूला पडायची आणि “सुम्ने कूड!” अशी गर्जना पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायची. गप्प बस, एवढाच त्याचा अर्थ. पण मुलींना तो मराठीपेक्षा लवकर कळायचा.

“सातवी ब ला कुनीच न्हाय बाई, लई गोंधळ चाललाय,” असं म्हणत शिपाईमामा स्टाफरूमच्या दारात आले की आम्ही सगळे एकदम कामात बुडायचो. कुणाला वह्या आठवायच्या, कुणाचं डोकं दुखायला लागायचं. ड्रॉइंगचे सर तर खिडकीतून आभाळाकडे असे बघायचे, जणू ते आजच रंगवून द्यायचं आहे. मामा आमच्या वाटेला जायचेच नाहीत. सरळ बाईंसमोर उभे राहायचे.

बाई कुठल्याही तासाला गणितच घ्यायच्या. शिवणाच्या तासाला त्रैराशिक आणि पी.टी.च्या तासाला एकोणतीसचा पाढा म्हणत मैदानाला फेऱ्या. जनगणना आली, बाई. निवडणुकीचं काम आलं, बाई. आम्हाला घरं होती, बाईंना वेळ होता. असा आमचा सरळ हिशेब.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की बाई म्हणायच्या, “थांबा की जरा, चहा सांगते.” तोवर आमच्या पिशव्या खांद्याला लागलेल्या असायच्या.

अशाच एका शनिवारी मोठ्या बाईंनी त्यांना सांगितलं, “उद्या मुलींची सहल आहे, तुम्ही जाल ना?” विचारणं आपलं रीत म्हणून. बाई म्हणाल्या, “उद्या मला जमणार नाही.”

ड्रॉइंगच्या सरांनी आभाळ सोडून मान वळवली.

शाळा सुटल्यावर बाईंनी मला नळापाशी गाठलं. “मोहोळहून एक जण यायचेत. मला बघायला,” त्या नळाकडे बघत म्हणाल्या. “मुख्याध्यापक आहेत. बायको वारली त्यांची. गावी भावाला कळवलेलं नाही, माझ्या बाजूनं बसायला कुणी नाही. तुम्ही याल?”

बाईंची खोली पूर्व भागात, एका विणकराच्या घरावर होती. खाली मागाची खटखट. खोलीत खुर्ची एकच, म्हणून घरमालकिणीकडून खुर्च्या आणलेल्या. पोहे एवढे केलेले, की आख्खी सातवी ब जेवली असती. बाईंनी नवं इरकल नेसलं होतं आणि सारखा निऱ्यांना हात लावत होत्या.

गृहस्थ थोरल्या बहिणीला घेऊन आले. साधा, हसरा माणूस. बाई अवघडल्या आहेत हे त्यांनी ओळखलं असावं, कारण बघण्याचा कार्यक्रम सोडून ते शाळेच्याच गोष्टी सांगायला लागले. “आमच्याकडं एका पोरानं निबंधात लिहिलं, आमचे सर मला फार आवडतात, कारण ते अधूनमधून येत नाहीत!” बाई हसल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनीही आपल्या मुलींचे किस्से काढले. त्यांना असं हसताना मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं.

निघताना ते म्हणाले, “नोकरी तेवढी सोडावी लागेल. आई अंथरुणाला आहे. घरात कुणीतरी पाहिजे.” बोलण्यात जोर नव्हता, उलट थोडी लाजच होती.

“कळवते,” बाई म्हणाल्या, आणि रिकामी कपबशी पदरानं पुसत राहिल्या.

आठवड्याभरात त्यांनी नकार कळवला. मला राहवलं नाही. “बाई, इतका चांगला माणूस!”

“चांगला होता की. लई चांगला होता.” त्या मैदानाकडे बघत होत्या. तिथं मुलींचा लंगडीचा खेळ चालला होता. “पण सकाळी उठून, साडी नेसून, मी जायचं कुठं?”

घंटा झाली, बाई वर्गावर गेल्या. पुढं मोहोळचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

काही वर्षांनी मैंदर्गीहून निरोप आला. भावाला लकवा झाला होता. वहिनी एकटी, पोरं लहान. नोकरी सोड असं कुणी म्हटलं नव्हतं. बाईंनी आपणहून राजीनामा दिला. निरोपसमारंभात मोठ्या बाई बरंच छान बोलल्या. बाईंना बोला म्हटलं, तर त्या उभ्या राहिल्या, मुलींकडे बघितलं आणि पुन्हा खाली बसल्या.

एस.टी. स्टँडवर पोचवायला मी गेले होते. ट्रंक टपावर चढली. बाई खिडकीशी बसल्या आणि हातातली पिशवी त्यांनी शेजारच्या जागेवर ठेवली. गाडी भरत आली तशी मागून आलेल्या एका म्हातारीला घेऊन कंडक्टर तिथं थांबला.

“जागा धरलीय का बाई कुणाची?”

बाईंनी त्या पिशवीकडे जरा वेळ पाहिलं. मग ती उचलून मांडीवर घेतली. “नाही. बसू द्या.”

म्हातारी टेकली आणि कानडीत काहीतरी विचारू लागली. बाईंनी तिच्याकडे वळून उत्तर दिलं, मग तिनं आणखी काही विचारलं. गाडी हलली तेव्हा दोघी बोलण्यात रंगल्या होत्या. मी खिडकीखाली हात वर करून उभी होते. बाईंचं माझ्याकडे बघायचं राहूनच गेलं.