मरायला पेरलेली तूर

लोक जगवायला पेरतात. मी नोकरीभर मारायला पेरत आलो.

तूर ऐन भरात असताना उभीच्या उभी वाळते, त्याला मर रोग म्हणतात. न मरणारं वाण शोधायचं तर आधी रोग पाळावा लागतो. केदारखेड्याच्या रस्त्याला लागून आमच्या कृषी संशोधन केंद्राचा एक तुकडा त्यासाठीच होता. मेलेल्या तुरीची धसकटं मी दरवर्षी त्यातच गाडायचो आणि वर पुन्हा तूर पेरायचो. मधे मुद्दाम हमखास मरणाऱ्या जुन्या वाणाची ओळ. ती मेली, तरच शेजारच्या ओळीचं जगणं खरं धरायचं.

बांधापलीकडे एक शेतकरी होते, माझ्याच वयाचे. ते चिडवायचे, "सायब, औंदाबी मेली का?" मी समजावून सांगायचो, ते हसायचे. "मारायसाठी कुनी पेरतं का?" बायकोची तक्रार वेगळी. "तुरीचे डॉक्टर म्हणे! घरात कधी ओंजळभर शेंगा आल्या का?" कुठून आणणार? मरणाऱ्या ओळीला शेंगा धरायच्याच नाहीत, आणि जगणारीचा दाणा न दाणा बियाण्याला लागायचा.

निवृत्तीच्या तोंडावर एक ओळ हाती आली होती. दोन हंगाम ती त्या रोगट मातीत ताठ उभी राहिली. तिसरा काढला की वाण म्हणून तिची शिफारस करता येणार होती. माझ्या नावावर दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

त्याच पावसाळ्यात बायको आजारी पडली. संभाजीनगरच्या दवाखान्यात महिना काढला आणि ती गेली. दिवसकार्य झालं, मुलगी तिच्या घरी परतली. रिकाम्या घरात बसवेना, म्हणून मी शेतावर गेलो.

तुकडा हिरवागार होता. मरायची ती ओळ पिवळ्या फुलांनी भरली होती.

बांधापलीकडचे ते शेतकरी लगबगीनं आले. "सायब, ही मधली ओळ वाळून राह्यली होती. मंग वॉचमनला सांगून मुळाशी दोनदा औषध ओतलं. तुमच्या घरी तसं झाल्तं. म्हणलं, आल्यावर ह्यांना इथंबी मेलेलंच दिसायला नको."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं जपलेला रोग या भल्या माणसानं धुऊन टाकला होता. चांगलं झापायचं म्हणून तोंड उघडलं आणि रडू फुटलं. भेटायला पुष्कळ जण येऊन गेले होते, पण माझ्यासाठी कुणी काही वाचवायला गेलं नव्हतं.

"बरं केलंत," एवढंच म्हणालो.

चाचणी रद्द झाली. पुढच्या हंगामाला मी नसणार होतो, आणि माझ्या जागी कोणी येणार असल्याचंही ऐकू येत नव्हतं.

थंडीत त्या मरायच्या ओळीला शेंगा लगडल्या. बियाण्याला त्यांचा काही उपयोग नव्हता. पिशवी भरून घरी आणल्या, मीठ घालून उकडल्या आणि ओट्याशी उभा राहून सोलायला लागलो. दाणे चांगले टपोरे भरले होते.

"आणल्या बघ शेंगा," मी मोठ्यानं म्हणालो. घरात ऐकायला कोणी नव्हतं.