अलिकोच्या गुहेत शुभदाशी कोण बोललं?

आधीच सांगतो, मी या ग्रुपवर नुसता वाचायला येतो. आणि वाचतानाही बहुतेक गूढ अनुभवांवर माझा शेरा ठरलेला असायचा: याची झोप झाली नसावी. तेवीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय. जी गोष्ट पुन्हा तशीच घडवून दाखवता येत नाही ती घडलीच नाही, असं मानणाऱ्यांतला मी. आता माझंच वाचून तुम्ही तसं म्हणालात तरी चालेल... वाद घालायची ताकद नाही.

आम्ही व्हर्जिनियात, हर्नडनला राहतो. मी मूळचा नागपूरचा, बायको शुभदा पुण्याची. गेल्या फेब्रुवारीत नागपूरला माझी आई वारली. त्याआधी आठ महिने ती अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं दादाने केलं, मी इथून फोनवर. रिपोर्ट्स, औषधं, सांभाळणारी बाई पुन्हा सोडून गेली, आज काही खाल्लं नाही, आज मला ओळखलं नाही... सकाळ-संध्याकाळ दादाचा फोन. ती गेली तेव्हा मात्र मी फोनवर नव्हतो. ग्रोसरीला जाताना फोन घरीच विसरलो होतो, असं मी सगळ्यांना सांगितलं. शुभदालाही.

त्यानंतर मी आजारी वगैरे नव्हतो. ऑफिसला जात होतो, भांडी लावत होतो. फक्त दमलेला होतो. दहा तास झोपून उठलो तरी दमलेलाच. शेवटी कॉलेजातल्या मुलीनेच तिकिटं काढून टाकली. "बाबा, यू लुक टेरिबल. जस्ट गो." सप्टेंबरअखेर आम्ही ग्रीसला, नाक्सोस नावाच्या बेटावर पोचलो.

पहिले दोन दिवस साइटसीइंग केलं. समुद्राकाठी एकटाच उभा असलेला तो संगमरवरी दरवाजा पाहिला, डोंगरातली गावं पाहिली. शुभदा फोटो काढायची, मी फोटोत उभा राहायचो. एवढंच.

तिसऱ्या दिवशी रेंटल कार काढून दक्षिणेला अलिकोला गेलो. बुटक्या झाडांचं रान, त्यातून वाळूची पायवाट, आणि खाली खडकांमध्ये लपलेले छोटे छोटे बीच. आम्ही उतरलो तिथे कोणीच नव्हतं. सकाळचे साडेअकरा, लख्ख ऊन, तळ दिसेल इतकं नितळ पाणी. मुद्दाम सांगतोय, कारण अंधार, वारा, कुत्र्यांचं रडणं... यातलं काही नव्हतं.

"त्या टोकापलीकडे गुहा आहे म्हणे," शुभदा म्हणाली. "येतोस?"

"तू जा. मी पडतो जरा."

"अरे, इतक्या लांब येऊनही पडायचंच?"

मी टॉवेल पसरला. ती कमरेएवढ्या पाण्यातून खडकाला वळसा घालून दिसेनाशी झाली. मी टॉवेलवर आडवा. झोपलो नव्हतो. क्षितिजावरून एक पांढरी बोट डावीकडून उजवीकडे गेली, ती मी पूर्ण जाईपर्यंत पाहिली.

पाऊण तासाने शुभदा परत आली. डोळे लाल. येऊन शेजारी बसली आणि माझा हात हातात घेतला. आम्ही असं कधी करत नाही.

"बरं झालं बोललास," ती म्हणाली. "किती महिने एकटाच घेऊन बसला होतास रे."

"काय बोललो?"

"आता परत नको. मला राग नाही आला. भाऊजींनाही येणार नाही."

"शुभदा, मी इथून हललोच नाहीये."

ती आधी हसली. मग तिने माझ्या शॉर्ट्सला हात लावून पाहिला. कोरडी ठाक. तिथे जायला कमरेएवढ्या पाण्यातूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"मग ती कोथिंबिरीची जुडी?" अगदी हळू म्हणाली. "फोनचा उजेड दिसू नये म्हणून त्याच्यावर ठेवलेली... ते मला कोणी सांगितलं?"

मी ताडकन उठून बसलो.

खरं असं होतं, की त्या शनिवारी सकाळी फोन माझ्याजवळच होता. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीत. दादाचं नाव स्क्रीनवर आलं आणि मला वाटलं, आत्ता नको. पाच मिनिटं तरी नको. मी फोन शेजारच्या सीटवर ठेवला. पुन्हा वाजला. व्हायब्रेटवर होता, पण उजेड दिसत होता. मी पिशवीतली कोथिंबीर काढून त्यावर ठेवली आणि इंजिन चालू ठेवून नुसता बसून राहिलो. तीन कॉल. आई माझं नाव घेत होती, म्हणून दादा फोन तिच्या कानाला लावणार होता. मी परत फोन केला तेव्हा सगळं संपलं होतं. हे मी जगात कोणालाही सांगितलं नव्हतं. कुठे लिहिलं नव्हतं. झोपेत बडबडतो म्हणावं, तर शुभदा म्हणते, मी साधा घोरतही नाही.

तिचं म्हणणं, ती गुहेत पोचली आणि मागून मी आलो. खडकावर शेजारी बसलो, सगळं सांगितलं, रडलो. मग "तू हो पुढे" म्हणालो, म्हणून ती एकटी परतली.

उन्हाने भास झाला असेल, असं आम्ही दोघांनीही ठरवून टाकलं. पण संध्याकाळी जवळच्या खानावळीत एक वयस्कर ऑस्ट्रेलियन बाई आमच्या टेबलाशी थांबल्या. सकाळी त्या पलीकडच्या बीचवरून पोहत गुहेपर्यंत आल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सॉरी हं, तुम्ही रडत होतात, म्हणून मी आत न येता मागे फिरले. आता बरं वाटतंय ना?"

शुभदाने टेबलाखाली माझा गुडघा घट्ट धरला. मी "हो, थँक यू" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

हर्नडनला परत आल्यावर पहिल्याच रविवारी दादाला फोन केला. सगळं सांगितलं, या वेळी मी स्वतः. त्याने मध्ये न तोडता ऐकलं. मग म्हणाला, "मलाही वाटायचं रे, कोणाचा फोन घेऊ नये, कुठेतरी जाऊन बसावं. पण मी तिथेच होतो, जाणार कुठे?" आणि लगेच, "जेवलास का?"

त्याने माफ केलं का, माहीत नाही. दर रविवारी बोलतो आम्ही.

गुहेत कोण होतं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. लॉजिकने बरंच खोदून पाहिलं, आता सोडून दिलंय. शुभदालाही त्यावर बोलायला आवडत नाही. मी तिला एकदाच विचारलं, "तिथे मी कसा दिसत होतो गं?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबून तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"दमलेला नव्हतास," म्हणाली.